क्रोमबुकवर विंडोजचं सॉफ्टवेअर चालतं का? (आडतीचा हिशोब अडलाय)

मांजराकाठी (लातूर)

राम राम मंडळी. मार्केट यार्डात आपली आडत हाय, वडिलांपासूनची. मोठ्या पोरीला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्या पगारात तिनं बापाला लॅपटॉप घेऊन दिला. क्रोमबुक, गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा. वजन सव्वा किलो, उघडला की लगेच चालू. बॅटरी सकाळी सौद्याला बसल्यापासून रात्री घरी येईपर्यंत पुरते. वस्तू झकास हाय, तक्रार नाही.

पण दुकानात २००९ सालापासून एक आडतीचं सॉफ्टवेअर चालू आहे. तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरानं व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेलं. शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी निघते, खरेदीदाराच्या खात्यावर आडत चढते. सोळा वर्षांचा हिशोब त्यात आहे. ते पोरगं आता परदेशात, फोन उचलंना.

मला काय पाहिजे, तर रात्री घरी बसून क्रोमबुकवर हेच सॉफ्टवेअर. पेनड्राईव्हवरून फाइल घेतली, क्लिक केलं, उघडंना. 'ही फाइल उघडता येत नाही' असंच म्हणूलालंय. काही उपाय?

उदगीरी_ठेचा

काका, बैलाला डिझेल पाजायलात का? :)

सोयापेंड

धागा फॉलो करतो. माझ्या मेव्हण्याची पण हीच रड आहे.

लिनक्सबुवा (छ. संभाजीनगर)

काका, तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही. ती ईएक्सई फाइल विंडोजसाठी बांधलेली आहे, क्रोमओएस म्हणजे विंडोज नाही. मुळात क्रोमओएसचा गाभा लिनक्सचा (विंडोजसारखीच एक दुसरी प्रणाली) आहे, त्यावर क्रोम ब्राउझर. २०११ मध्ये पहिली क्रोमबुकं आली तेव्हा तर ब्राउझरशिवाय त्यात काहीच नव्हतं. २०१६ पासून अँड्रॉइडची अ‍ॅप आली आणि २०१८ मध्ये गुगलनं आतमध्ये डेबियन नावाचं लिनक्स चालवायची सोय दिली. आपल्या कामाची ती तिसरी गोष्ट.

सेटिंग्जमध्ये जाऊन 'लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंट' चालू करा. ते दहा जीबी जागा मागेल. काळ्या खिडकीत लिनक्स उघडलं की त्यात वाईन नावाचा प्रोग्राम टाकायचा. वाईन विंडोजच्या सॉफ्टवेअरला वाटू देतो की आपण विंडोजवरच आहोत. सॉफ्टवेअर विंडोजला म्हणतं 'फाइल उघड', वाईन ते मध्येच ऐकून लिनक्सला सांगतो. दुभाष्या. आख्खं विंडोज त्यात नसतं, त्यामुळे हलकंही पडतं.

फक्त आधी एक सांगा. तुमच्या क्रोमबुकात प्रोसेसर कोणता आहे? ४ जीबी रॅम आहे की ८?

मांजराकाठी

रॅम ४ लिहिलंय खोक्यावर. प्रोसेसर बघून सांगतो. पण बुवा, मी माळकरी माणूस. घरात वाईन टाकायची म्हणता?

उदगीरी_ठेचा

=)) =)) आषाढीला पायी जाणारा माणूस रात्री दार लावून 'सुडो एपीटी इन्स्टॉल वाईन' करायला बसलाय. बुवांनी धर्म बुडवला.

लिनक्सबुवा

नावातच लिहिलंय हो, वाईन म्हणजे 'वाईन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर'. १९९३ पासून लोक त्यावर काम करताहेत आणि पहिली पक्की आवृत्ती, १.०, यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं मुरलेली आहे, पण चढत नाही.

मोसंबी (जालना)

माझं स्पष्ट मत, विकून टाका. त्याच पैशात जुना विंडोज लॅपटॉप येतो. ज्या कामाला जे अवजार. पाभरीनं नांगरणी करायची आणि मग म्हणायचं जमीन कडक आहे.

मांजराकाठी

मोसंबीभाऊ, पोरीचा पहिला पगार आहे तो. विकायचा विषय नाही.

मोसंबी

माफ करा काका. मग विषयच संपला, चालवायचंच.

शाईपेन (नांदेड)

माझा अनुभव सांगतो, थोडा लांबण लागेल. आमचा लग्नपत्रिका-हँडबिलांचा धंदा, वजिराबादेत. आजही निम्मं काम पेजमेकर ७ वर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर). २००१ ची आवृत्ती, त्यानंतर पेजमेकर आलाच नाही. हसू नका, जुन्या फायली त्यातच आहेत आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'मागच्या वर्षी थोरल्याची छापली होती तशीच धाकट्याची करा'.

लिनक्सवर वाईनमध्ये पेजमेकर उघडला. चक्क चालला. पण मराठी टाइप करायला घेतलं आणि गाडी रुतली. आपले जुने मराठी फॉन्ट म्हणजे युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नव्हेत. संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरच असतो, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी 'क' काढून ठेवलेला. कृतिदेव, शिवाजी वगैरे फॉन्टांचं तसंच. ती फॉन्टची टीटीएफ फाइल नेली तर मराठी कुठंही दिसतं, नाही नेली तर इंग्रजीची खिचडी दिसते. मी ज्या पॅकेजवर काम करायचो त्यात फॉन्टशिवाय कळफलकाचा वेगळा प्रोग्राम होता, जो विंडोजमध्ये घुसून बसतो आणि आपण दाबलेली कळ मधल्या मध्ये बदलतो. तो वाईनमध्ये बसंना. शिवाय मागं यूएसबीचा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायची किल्ली, तो ओळखायलाच तयार नाही.

काका, तुमच्या पट्टीवर मराठी कोणत्या फॉन्टात येतं ते बघा. नुसता फॉन्ट असेल तर तो वाईनच्या 'सी ड्राईव्ह'मधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकला की झालं. सोबत कळफलकाचा प्रोग्राम असेल तर राम राम.

कळंबकर

शाईपेन, जुन्या फायली युनिकोडात का नाही आणत? कन्व्हर्टर आहेत की.

शाईपेन

आहेत. 'श्री'च्या जागी भलतंच येतं आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'चि. सौ. कां.' मध्ये एक चूक गेली तर वरपक्ष दुकानात येतो.

गुरुजी_बीडकर

मपला एक किस्सा सांगतो, कोणी हे करू नका म्हणून. शाळेला देणगीत आलेल्या क्रोमबुकांपैकी एकावर मी हौसेनं 'डेव्हलपर मोड' लावला. नेटवर कुणीतरी लिहिलं होतं की त्याशिवाय लिनक्स चालत नाही. जुनी माहिती होती ती, आता तशी गरज नाही, बुवांनी सांगितलेली सोय साध्या सेटिंग्जमध्येच आहे. डेव्हलपर मोड लावताना आतलं सगळं पुसलं जातं. ते चाललं, नवंच होतं. दोन महिने खपून पोरांसाठी सगळं बसवलं.

आता गंमत. त्या मोडमध्ये मशीन चालू होताना दरवेळी एक इशारा येतो, की तपासणी बंद आहे, पुन्हा चालू करायला स्पेस दाबा. चौथीतल्या एका गड्यानं दाबला स्पेस. मग एंटर. पाच मिनिटांत दोन महिन्यांचं काम सफाचट, मशीन कोरं करकरीत. वरून मला म्हणतो, 'गुरुजी, त्यातच लिहिलं होतं दाबा म्हणून.' वाचता येतंय याचा आनंद मानावा का रडावं, कळेना.

परभणीचा_पाव्हणा

हाहाहा. चौथीतलं पोरगं सूचना वाचून पाळतंय, आमच्या ऑफिसात कोणी वाचत पण नाही.

मोसंबी

बुवा, वाईनची भानगड करण्यापेक्षा लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स टाकून आख्खं विंडोजच का नाही बसवायचं?

लिनक्सबुवा

नाही बसत. व्हर्च्युअलबॉक्सला लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्वतःचा भाग घालावा लागतो आणि क्रोमबुकातलं लिनक्स आधीच एका आभासी मशीनच्या आत, डब्यातल्या डब्यात आहे. तिथं ते घालू देत नाहीत. दुसऱ्या मार्गानं घातलं तरी ४ जीबीमध्ये क्रोमओएस, लिनक्स आणि विंडोज असे तिघं जेवायला बसणार. कोणाचंच पोट भरणार नाही.

सोयापेंड

विंडोजचा क्रॅक कुठं मिळेल?

संपादक

असल्या लिंका इथं मागू नयेत, देऊ नयेत.

सोयापेंड

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

जमाखर्च (परभणी)

मी कर सल्लागार आहे. इथं सगळे 'सॉफ्टवेअर चालेल का' यावरच बोलताहेत. आमच्याकडे सॉफ्टवेअर चालतं आणि काम तरी अडतं. कामून? कारण सॉफ्टवेअरला शेपटं असतात. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, त्याचा ड्रायव्हर, सही करायचं वेगळं युटिलिटी. हे सगळं विंडोज धरून बनवलेलं. कंपनीचं जीएसटी रिटर्न असेल तर डिजिटल सहीच लागते. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर, म्हणजे ईव्हीसीनं भागतं आणि ते कुठल्याही ब्राउझरात होतं. सातबारा, जीएसटी, बँक, हे सगळं ब्राउझरातलंच, तिथं क्रोमबुकाला काही कमी नाही.

काका, तुम्ही एक करा. संध्याकाळी दुकान बंद करताना त्या कॉम्प्युटरला मागून काय काय जोडलंय ते बघा. प्रिंटर कोणता? कुठलं टोकन, डोंगल? मग बोलू.

मांजराकाठी

ताई, डोंगल-टोकन काही नाही. मी प्रोप्रायटरच, जीएसटी ओटीपीवरच होतं. प्रिंटर तो लांब कागदाचा, भोकं पाडलेल्या कडांचा, कर्रर्र वाजणारा. पट्टीच्या तीन प्रती कार्बन लावून निघतात. शेतकऱ्याला एक, खरेदीदाराला एक, आपल्याला एक.

लिनक्सबुवा

डॉट मॅट्रिक्स. कार्बनची प्रत काढायला आजही त्याला पर्याय नाही, काडी ठोकल्याशिवाय खालच्या कागदावर उमटणार कसं.

व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्राम असेल तर वाईनमध्ये चालायची शक्यता चांगली आहे. तो ३२ बिटचा असतो, म्हणून लिनक्सला आधी ३२ बिटचंही चालवायचंय असं सांगायचं, मग वाईनचा ३२ बिटचा भाग टाकायचा. पुढं 'वाईनट्रिक्स' नावाचं साधन आहे, त्यातून 'व्हीबी६रन' बसवायचं. हिशोबाची फाइल एमडीबी, म्हणजे अ‍ॅक्सेसची असेल तर 'जेट४०' आणि 'एमडॅक२८' हेही. हे दोन नसले तर प्रोग्राम उघडतो, पण यादी रिकामी दिसते आणि माणूस घाबरतो की हिशोब गेला. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढून त्यावरच खेळा.

पण पहिल्या दिवसापासून विचारतोय, प्रोसेसर कोणता? लिनक्सच्या काळ्या खिडकीत 'युनेम', एक जागा सोडून 'वजा एम' (रोमनमध्ये) टाका. 'एक्स८६' असं काही आलं तर इंटेल-एएमडी, गंगेत घोडं न्हालं. 'ए-आर्च-६४' आलं तर एआरएम. म्हणजे मोबाइलच्या जातीचा.

उदगीरी_ठेचा

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं लातूरकरांनी, पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. तुम्ही तर नुसतं विंडोज आणायलात काका, हिंमत सोडू नका.

परभणीचा_पाव्हणा

अवांतर: पाणी आणलं ते ठीक, पण डाळीचे भाव कुणी वाढवले ते पण सांगा लातूरकरांनो.

मांजराकाठी

भाव आम्ही नाही वाढवत बाबा, आम्ही बोली पुकारतो. (यावर वेगळा धागा काढा, दिवसभर बोलीन.)

कळंबकर

मी उलटं केलंय. जुना विंडोजचा डबा पडून होता, त्यावर क्रोमओएस फ्लेक्स टाकलं. २०२२ पासून गुगल ते फुकट देतं. अँड्रॉइडची अ‍ॅप त्यात चालत नाहीत, पण पोराच्या अभ्यासाला मशीन पळायला लागलं. नाहीतरी विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंदच झालेत.

मांजराकाठी

बुवा, टाकलं. 'ए-आर्च-६४' आलं.

लिनक्सबुवा

अरेरे.

उदगीरी_ठेचा

घोडं काठावरूनच परत आलं.

मांजराकाठी

म्हणजे काय समजायचं? वाईन टाकूनही चालणार नाही?

लिनक्सबुवा

साध्या मार्गानं नाही. वाईन दुभाष्या आहे खरा, पण तो विंडोजचं बोलणं लिनक्सला सांगतो. प्रोसेसरची भाषा बदलणं त्याचं काम नाही. तुमचा प्रोग्राम इंटेलच्या भाषेत लिहिलेला, तुमची चिप एआरएम. त्यासाठी बॉक्स८६, बॉक्स६४, एफईएक्स असे आणखी दुभाषे मिळतात. ते एकेक सूचना उलथून देतात. म्हणजे शेतकरी कानडी, आडत्या तेलुगू, आणि मध्ये दोन माणसं एकमेकांना हिंदीत सांगताहेत. सौदा होईल, पण भाव ऐकू येईपर्यंत मार्केट बंद. आणि ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामला आणखी वेगळी खटपट. सोळा वर्षांचा हिशोब त्यावर टांगायला मी सांगणार नाही. मला स्वतःला मजा येईल, तुम्हाला येणार नाही.

जमाखर्च

मग काका, सॉफ्टवेअर क्रोमबुकवर आणायचंच कशाला? दुकानात जिथं आहे तिथंच राहू द्या आणि घरून फक्त बघा. क्रोम रिमोट डेस्कटॉप फुकट आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते बसवा, सहा आकडी पिन ठेवा, घरी क्रोमबुकवर त्याच गुगल खात्यानं उघडा. विंडोज होम असलं तरी चालतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं तर समोरच्या मशीनवर प्रो लागतं. माझे अर्धे अशील असंच काम करतात. मी परभणीत बसून सेलूचा टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) बघते. प्रोसेसर इंटेल की एआरएम याच्याशी काही देणंघेणं नाही, कारण चालतंय तिकडंच, इकडं नुसतं चित्र येतं.

मोसंबी

ताई, कल्पना चांगली, पण तुम्ही मराठवाड्यात राहता ना? रात्री आठला लाइट गेली की दुकानातला पीसी बंद. मग घरून कशाला जोडणार, भिंतीला?

जमाखर्च

मोसंबीदादा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) एक सेटिंग असतं, वीज परत आली की मशीन आपोआप चालू व्हावं असं. बऱ्याच डेस्कटॉपला असतं. क्रोम रिमोटचा भाग विंडोज चालू झाल्याबरोबर मागं चालू होतो, कोणी पासवर्ड टाकायची वाट बघत नाही. मशीन झोपू नये म्हणून स्लीप बंद करायचं. राउटरला छोटा यूपीएस. लाइट नसेल त्या वेळात जेवून घ्या.

गुरुजी_बीडकर

ताईंचं पटलं. फक्त क्रोमबुकाचा कळफलक वेगळा आहे काका, एफ१, एफ२ लिहिलेल्या कळा नसतात. वरची ओळ ब्राइटनेस-आवाजाची. सर्च कळ (कॅप्स लॉकच्या जागी असते ती) दाबून वरची कळ दाबली की ती एफची होते. सेटिंग्जमध्ये कायमचंही करता येतं. डिलीटसाठी सर्च आणि बॅकस्पेस. टॅलीवाल्यांना तर हे लागतंच, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स.

शाईपेन

आणि मराठीचं भांडण पण मिटलं बघा. फॉन्ट, कळफलक सगळं दुकानातल्याच मशीनवर. मी इतकी वर्षं हे का नाही केलं?

लिनक्सबुवा

कारण मी तुम्हाला वाईन पाजत होतो. ताईंना नमस्कार. मला हे पहिल्याच प्रतिसादात सुचायला पाहिजे होतं, पण हातात हातोडा असला की सगळीकडं खिळेच दिसतात.

परभणीचा_पाव्हणा

जगात जर्मनी, भारतात परभणी. उगीच म्हणत नाहीत.

मांजराकाठी

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही, सोयाबीनची आवक होती. आता सविस्तर.

रविवारी पुतण्याला घेऊन दुकानात बसलो, ताईंनी सांगितलं तसं केलं. पाऊण तासाचं काम. बायोसमधलं ते सेटिंग सापडलं, मेन स्विच पाडून बघितलं, लाइट आल्यावर मशीन आपोआप उठलं. रात्री जेवण करून ओसरीवर बसलो, क्रोमबुक उघडलं, पिन टाकली आणि समोर माझं दुकान. तोच हिरवा पडदा, तीच नावं. २००९ मधली वडिलांच्या हातची पहिली पट्टी काढून बघितली. बायकोला पण दाखवली.

मग हौस म्हणून एक पट्टी छापायला सांगितली. घरी प्रिंटर नाही हे ध्यानातच नाही. सवयीनं कळ दाबली. घरी काहीच झालं नाही, म्हटलं राहिलं असंल, परत दाबली. परत दाबली. दहा मिनिटांनी यार्डातल्या वॉचमनचा फोन. 'मालक, तुमच्या बंद दुकानात कायतरी कर्रर्र कर्रर्र वाजूलालंय. कुलूप तर जाग्यावर हाय. पोलिसाला बोलवू का?'

उदगीरी_ठेचा

=)) =)) =)) मेलो. वॉचमनला काय सांगितलं मग?

मांजराकाठी

म्हटलं, मीच हाय आत. तो म्हणतो, 'मालक, मग फोन कुठून उचललात?'

जमाखर्च

काका, प्रिंट करायच्या ठिकाणी पीडीएफ निवडत जा. विंडोज १० मध्ये 'प्रिंट टू पीडीएफ' असतंच. ती फाइल ड्राइव्हवर टाकली की क्रोमबुकवर उघडते. आणि ती एमडीबीची प्रत दर आठवड्याला बाहेर काढून ठेवा, सोळा वर्षांचा हिशोब एकाच डिस्कवर आहे.

मांजराकाठी

काढली ताई. पेनड्राईव्ह देवघरात ठेवलाय. वॉचमन आता रोज रात्री दुकानाच्या शटरला कान लावतो म्हणं.